डावीकडून उजेड

टेबल म्हणजे आमच्या बोटीच्या शेडचं जुनं दार.
वडिलांनी कडी काढली, भोक तसंच ठेवलं,
त्यातून आता चार्जरची वायर जाते.
हिवाळ्यात हात टेकला की अजूनही
खारवलेल्या माशाचा वास येतो,
किंवा मला तसं वाटतं.

तीन वर्षं ते भिंतीकडे तोंड करून होतं.
भिंतीवर एक खिळा, खिळ्यावर काही नाही.
मी पेन्शन कार्यालयाचे अर्ज तपासते, घरून,
दिवसाला अठरा, कधी वीस:
कुणाचा खांदा, कुणाचे गुडघे, कुणाचं नुसतंच मन.
‘काम करू शकत नाही’, या चौकटीत फुली.
खाली सही.

बहीण फोनवर म्हणाली, खिडकीपाशी ने की ते,
आणि ऐक, उजेड डावीकडून यायला हवा.
मी म्हटलं, स्वान्हिल्दुर, नोव्हेंबर संपत आला,
आमच्या फ्योर्डात आता डावं काय नि उजवं काय,
सूर्य डोंगराआड गेला तो जानेवारी सरताना दिसायचा.
येईल तेव्हा विचारू त्यालाच, कुठली बाजू बरी.

तरी ओढलं. एकटीनं.
लाकडी जमिनीवर दोन पांढरे ओरखडे उठले,
वायर वीतभर कमी पडली,
टेप तीनदा लावली, तीन वेगळी मापं आली.
शेवटी रेडिएटरच्या अंगाशी, काचेला नाक लावून
बसलं एकदाचं.

काचेत आधी मीच दिसले.
दिवा मालवला तेव्हा गल्ली दिसली:
बेकरीच्या मागची वाफ, निळसर बर्फ,
दप्तरांवर चमकत्या पट्ट्या लावलेली पोरं,
आणि समोरचा थोर्गिल्स, हातात फावडं.
आधी स्वतःच्या पायऱ्या, मग म्हाताऱ्या गुथ्नीच्या,
मग रस्ता ओलांडून माझ्या.
इतके दिवस मी समजत होते
पहाटे नगरपालिकेचं मशीन येऊन जातं.

डिसेंबरात, एका मंगळवारी,
अर्ज क्रमांक चौदा.
तेच नाव, तीच गल्ली. मणक्याच्या दोन चकत्या.
वाकणे: अशक्य. वजन उचलणे: अशक्य.

मी वर पाहिलं.
तो वाकला होता.
एक फावडं, मग कमरेवर हात.
एक फावडं. मग कितीतरी वेळ
माझा कठडा धरून उभा.
मी मोजलं, मोजण्याचेच तर पैसे मिळतात मला:
नऊ पायऱ्या, एकतीस मिनिटं.

ओळखीच्या माणसाचा अर्ज दुसऱ्याकडे द्यावा, असा नियम आहे.
पण ओळख कुठली? तीन वर्षांत आम्ही
वाऱ्याबद्दल बोललो, एकदा त्याच्या मांजरीबद्दल.
‘प्रलंबित’ हा शब्द ऐसपैस आहे,
त्यात महिना मावतो, दोन मावतात.
पडदा लावून पाहिला.
फावड्याचा आवाज येतच राहिला, खर्र,
आणि त्यानंतरची ती लांबलचक गप्प.

मग तो आला. दुपारी, मीटिंग चालू असताना,
डोंगराच्या खाचेतून थेट माझ्या स्क्रीनवर.
सगळं पांढरं. अठरा नावं गेली, अठरा दुखणी गेली.
कुणीतरी म्हणालं, हाल्बेरा, तू दिसत नाहीस,
तुझ्या जागी नुसता उजेड आहे.
बाहेर सगळे वर तोंड करून उभे,
गुथ्नी पॅनकेकची थाळी घेऊन, वर फडकं झाकलेलं.
थोर्गिल्सनं फावडं बर्फात रोवलं
आणि ताठ उभा राहिला.
म्हणजे, जितकं जमलं तितका.
सात मिनिटं. मग पुन्हा डोंगर.

त्याच संध्याकाळी टेबल पाव फेरा वळवलं.
आता गल्ली डोळ्याच्या कोपऱ्यात असते.
दुसऱ्या दिवशी त्याच्या आधी उठले,
माझ्या नऊ पायऱ्या काढल्या, मग त्याच्या सहा.
माझी पाठ शाबूत आहे, तरी दोन दिवस ठणकली.

मग चौदा नंबर उघडला.
‘शेरा’च्या चौकटीत दोनशे अक्षरं मावतात.
मी पायऱ्यांपासून सुरुवात केली.